मातीचा मावळा
(प्राथमिक शिक्षकांच्या केंद्रसंमेलनातील भाषण)



दिवाळीची सुटी लागण्यापूर्वीच खेड्यातील मुलांच्या हातांना माती लागलेली असते. कोणी ओढ्याकाठची चिकणमाती पाटीत भरून आणतो, कोणी पडक्या भिंतीचे दगड गोळा करतो, कोणी जुन्या गोणपाटासाठी आईच्या मागे लागतो. अंगणाच्या कोपऱ्यात दगडांची रास उभी राहते, तिच्यावर गोणपाट पसरले जाते, चिखलाचा लेप बसतो, अळीव पेरले जाते आणि चारपाच दिवसांत त्या राशीचा हिरवा गड होतो. मग गडावर मावळे चढतात आणि किल्ला पुरा झाला असे मुले समजतात.

हे मावळे बहुधा बाजारातून येतात. पूर्वी ते कुंभारवाड्यातून भाजक्या मातीचे येत. अलीकडे प्लॅस्टरच्या साच्यांतून निघालेले पुष्कळ येतात. एका साच्यातील सर्वांचा अंगरखा एकाच रंगाचा, मिशांचे वळण एकच आणि उगारलेली तलवारही एकाच उंचीवर. मुलांचा आनंद त्यामुळे उणा होत नाही, आणि तो उणा करण्याचे काही कारणही नाही. परंतु शिक्षकाच्या मनात मात्र एक प्रश्न उभा राहावयास हवा. ज्या माणसांनी हे गड राखले, ती खरोखर अशीच दिसत होती काय? सर्वांच्या हाती तलवारच होती काय? आणि हे प्रश्न मुलाने आपण होऊन विचारावेत, अशी वेळ शाळेत कधी येते काय?

इतिहासाच्या पुस्तकात ‘मावळे शूर होते’ एवढे वाक्य पुरते. मातीचा गोळा हाती घेतलेल्या मुलाला ते पुरत नाही. त्या मावळ्याच्या पायांत काही होते की तो अनवाणी होता, त्याने डोक्याला काय गुंडाळले होते, ढाल कोणत्या हातात धरली होती, हे ठरविल्यावाचून त्याचे बोट पुढे सरकत नाही. प्रत्येक तपशील ठरविणे म्हणजे भूतकाळाविषयी एक विधान करणे होय. ते विधान खरे असावे याची काळजी ज्या मुलाला वाटू लागते, त्याच्यापुरता इतिहास सुरू होतो. लहान सैनिक घडविणे आणि रंगविणे या छंदाचे शाळेतील मोल आहे ते येथे.

हा छंद मोठा जुना आहे. ईजिप्त देशात असियूत येथे मेसेहती नावाच्या अधिकाऱ्याच्या थडग्यात लाकडी सैनिकांचे दोन ताफे सापडले. ते सुमारे चार हजार वर्षांपूर्वीचे आहेत. एका ताफ्यात चाळीस ईजिप्शियन भालाईत आहेत आणि दुसऱ्यात चाळीस न्यूबियन तिरंदाज. हे सैनिक पुढे कैरो येथील संग्रहालयात ठेवण्यात आले. मृताला परलोकी सोबत व्हावी म्हणून ते घडविले गेले, खेळण्यासाठी नव्हे. तरीही त्यांच्याकडे पाहिले म्हणजे एक गोष्ट ध्यानात येते. भालाइतांच्या ढाली गुरांच्या कातड्याच्या दाखविल्या आहेत आणि त्यांवरील ठिपके व पट्टे निरनिराळे रंगविले आहेत. सैनिकांची उंचीही अगदी सारखी नाही. त्या अनामिक कारागिराला चाळीस ढाली एकाच रंगात बुडविणे सोपे गेले असते. पण सैन्य म्हणजे चाळीस वेगळी माणसे, हे त्याला ठाऊक होते.

युरोपात अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात जर्मनीतील न्यूरेंबर्ग हे नगर कथलाच्या चपट्या सैनिकांसाठी प्रसिद्धीस आले. त्यांचे साचे पाटीच्या दगडात कोरलेले असत. आपल्या शाळांतून ज्या दगडावर मुलांनी अक्षरे गिरविली, त्याच जातीच्या दगडात तेथील कोरक्यांनी घोडेस्वार कोरले. १८९३ साली लंडनमधील विल्यम ब्रिटन यांनी पोकळ ओतीव सैनिक काढले. साच्यात वितळलेला धातू ओतावयाचा आणि कडेचा पापुद्रा गोठताच उरलेला लगेच बाहेर काढावयाचा, अशी ती युक्ती होती. धातू कमी लागल्याने सैनिक स्वस्त झाला आणि सामान्य घरातील मुलाच्या हाती गेला. मात्र त्या धातूत शिसे होते व शिसे विषारी असते. ब्रिटन यांच्या कारखान्यातील शिशाच्या सैनिकांचे उत्पादन १९६६ मध्ये थांबले, आणि त्यांची जागा प्लॅस्टिकच्या सैनिकांनी घेतली.

हे सैनिक बहुतांशी खेळण्यासाठी होते. परंतु या छंदाला सत्यशोधनाच्या पातळीवर नेणारा एक मनुष्य त्यापूर्वीच होऊन गेला होता. त्याची हकीकत शिक्षकांनी मुद्दाम लक्षात ठेवण्याजोगी आहे.

१८ जून १८१५ रोजी बेल्जममधील वॉटर्लू येथे नेपोलियनचा पराभव झाला. त्यानंतर पंधरा वर्षांनी, १८३० मध्ये, विल्यम सायबॉर्न या इंग्रज लष्करी अधिकाऱ्यावर त्या रणभूमीची प्रतिकृती तयार करण्याचे काम सोपविण्यात आले. सायबॉर्न रणभूमीवरील एका शेतवाडीत आठ महिने राहिला. चढउतार, कुंपणे, वाटा, घरे यांची त्याने मोजणी केली. पण जमीन मोजली तरी माणसे कोठे होती हे जमीन सांगत नाही. म्हणून लढाईतून वाचलेल्या अधिकाऱ्यांना त्याने पत्रे धाडली. त्या सायंकाळी सात वाजण्याच्या सुमारास तुमची पलटण कोठे उभी होती? समोर शत्रू कोणत्या रचनेत होता? तुमच्या पुढील शेतात पीक कोणते होते? अशा प्रश्नांना शेकडो उत्तरे आली. पिकाविषयीचा प्रश्न शेतकऱ्यांच्या मुलांना शिकविणाऱ्या शिक्षकाला विशेष वाटावा. उभ्या पिकातून चालणारा सैनिक आणि तुडविलेल्या रानातून चालणारा सैनिक यांना घडविताना फरक पडतो, हे सायबॉर्नने जाणले होते.

त्याने मांडलेल्या आकृती सत्तर हजारांहून अधिक होत्या आणि प्रत्येक आकृतीची उंची सुमारे एक सेंटिमीटर. सरकारने १८३३ मध्ये पैसा देणे थांबविले. सायबॉर्नने कर्ज काढून काम चालू ठेवले. अडचण केवळ पैशाची नव्हती. मिळालेल्या पुराव्यावरून त्याने प्रशियाचे सैन्य रणभूमीवर मोठ्या संख्येने दाखविले. विजयाचा मोठा वाटा मित्रसैन्याच्या पदरात पडतो, हे इंग्रजांच्या वरिष्ठ वर्तुळात रुचले नाही. अखेर सायबॉर्नने प्रशियाच्या हजारो आकृती काढून टाकल्या. त्या त्याने स्वतःचे मत बदलल्याने काढल्या की दडपणाखाली काढल्या, याविषयी इतिहासकारांत वाद आहे. १८३८ साली लंडनमध्ये ती प्रतिकृती मांडली गेली तेव्हा सुमारे एक लाख लोकांनी ती पाहिली असे सांगतात. पण सायबॉर्नचे कर्ज फिटले नाही. १८४९ मध्ये त्याचा मृत्यू झाला. प्रतिकृती लंडनच्या राष्ट्रीय सेना संग्रहालयात पोहोचली, आणि आलेल्या पत्रांपैकी अनेक त्याच्या मुलाने १८९१ मध्ये ग्रंथरूपाने छापली. काढून टाकलेल्या आकृतींचा पुरावा अशा रीतीने वाचकांच्या हाती राहिला.

एक सेंटिमीटर उंचीची आकृती टेबलावर ठेवावयाची की उचलावयाची, यावर एवढा वाद झाला. कारण प्रत्येक आकृती हे एक विधान होते. अंगणातील किल्ल्यावरही हेच घडत असते. फरक इतकाच की तेथे कोणी विचारीत नाही.

म्हणून आता आपल्या मावळ्याकडे वळावे. ‘मावळा’ हा शब्द मावळ प्रांतावरून आला. गडावरचा प्रत्येक शिपाई मावळातलाच होता असे नाही; कोकणातील हेटकरीही शिवछत्रपतींच्या पायदळात होते आणि त्यांची नेमबाजी नावाजलेली होती. कृष्णाजी अनंत सभासद यांची बखर सतराव्या शतकाच्या अखेरीस लिहिली गेली. तिच्यात सैन्याच्या व्यवस्थेचे वर्णन आढळते. पायदळात सुमारे दहा माणसांच्या तुकडीवर एक नाईक आणि अशा पाच तुकड्यांवर एक हवालदार असे. घोडदळात पंचवीस बारगिरांवर एक हवालदार असे. आणि दर पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी व एक नालबंद नेमलेला असे.

या शेवटच्या वाक्यापाशी शिक्षकाने थांबावे. बाजारात तलवार उगारलेला मावळा हवा तितका मिळतो. पखालजी आणि नालबंद सहसा मिळत नाहीत. पण ज्या राजाने हे सैन्य उभारले त्याने पाणी वाहणारा आणि नाल ठोकणारा यांना हिशेबात धरले होते. घोडा तहानलेला असेल किंवा त्याचा खूर फुटला असेल, तर स्वाराचे शौर्य वाटेतच थांबते. ज्या मुलाच्या घरी लोहारकाम चालते किंवा ज्याचे आजोबा पखालीने पाणी वाहत असत, त्या मुलाला किल्ल्यावर आपला पूर्वज या दोन आकृतींमुळे प्रथमच दिसेल. गडाच्या घेऱ्यातील मेटांवर पहारा करणाऱ्या रामोशी, महार, बेरड यांच्याविषयीही असेच म्हणता येईल. गड केवळ बालेकिल्ल्यावर राखला जात नसे. खालच्या झाडीतही जागणारी माणसे होती. वर्गातील प्रत्येक मुलाला गडावर जागा आहे, हे भाषणाने पटत नाही. ते त्याने स्वतः आकृती घडवून गडावर ठेवली म्हणजे पटते.

वेषाच्या बाबतीतही असाच शोध घ्यावा लागतो. शिवकालीन पायदळाला सर्वांना सारखा असा गणवेश नव्हता. कवायती पलटणी आणि त्यांचे गणवेश हा पुढच्या शतकातील विषय होय. १७६१ साली पानिपतावर लढलेले इब्राहिमखान गारद्याचे गारदी किंवा त्यानंतर महादजी शिंदे यांनी द बॉयनकडून तयार करविलेल्या पलटणी आणि १६६० सालचा मावळा यांना एकाच रंगात रंगविणे म्हणजे शंभर वर्षे पुसून टाकणे होय. शिवकालासाठी चित्रांचा काही आधार मिळतो. निकोलाव मनुची या इटालियन प्रवाशासाठी मीर महंमद या चित्रकाराने १६८६ पूर्वी काढलेल्या चित्रांत घोड्यावर बसलेले शिवाजी महाराज आणि त्यांच्याबरोबर पायी चालणारी माणसे आहेत. हे चित्र पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे आणि त्याच्या छापील प्रती अनेक पुस्तकांत सापडतात. शस्त्रांसाठी पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयासारख्या ठिकाणी सहल नेता येते. तलवार, भाला, कट्यार, दांडपट्टा, धनुष्यबाण, तोड्याची बंदूक आणि वाटोळी ढाल एकदा डोळ्यांनी पाहिली म्हणजे मुलांच्या हातून पुन्हा सर्वच मावळे तलवारबहाद्दर होणार नाहीत.

यानंतर प्रमाणाचा विचार. मावळा दरवाजापेक्षा उंच आणि वाघ बुरुजाएवढा, असे दृश्य प्रत्येक अंगणात दिसते. त्यावर हसण्याऐवजी शिक्षकाने त्याचे गणित करावे. एकास वीस हे प्रमाण धरल्यास १६० सेंटिमीटर उंचीचा मनुष्य ८ सेंटिमीटरचा होतो. खांद्यापाशी १४० सेंटिमीटर असलेला घोडा ७ सेंटिमीटरचा, ३ मीटर लांबीचा भाला १५ सेंटिमीटरचा, ९० सेंटिमीटरची तलवार साडेचार सेंटिमीटरची आणि ५० सेंटिमीटर व्यासाची ढाल अडीच सेंटिमीटरची होते. सहा मीटर उंचीचा दरवाजा ३० सेंटिमीटर उंच करावा लागतो. हे उदाहरण फळ्यावर सोडविलेल्या मुलांना पुढचा प्रश्न आपोआप सुचतो. रायगड समुद्रसपाटीपासून सुमारे ८२० मीटर उंच आहे. मग या प्रमाणात तो केवढा होईल? उत्तर येते ४१ मीटर. शाळेच्या इमारतीहून कितीतरी उंच! तेव्हा डोंगराला एक प्रमाण आणि माणसाला दुसरे, अशी तडजोड करावी लागते, हे मुले स्वतःच शोधून काढतात. सायबॉर्नलाही ही तडजोड चुकली नव्हती. त्याच्या जमिनीचे प्रमाण सुमारे एकास सहाशे होते. त्या हिशेबाने सैनिक तीन मिलिमीटरांपेक्षाही लहान झाले असते. ते दिसावेत म्हणून त्याने ते मोठे केले. तडजोड करण्यात गैर काही नाही. मात्र ती तडजोड आहे हे पाहणाऱ्याला सांगावयास हवे.

प्रत्यक्ष कृतीला साहित्य फार लागत नाही. कुंभाराकडची किंवा ओढ्याकाठची चिकणमाती चाळून रात्रभर भिजवावी आणि थोडा पिंजलेला कापूस घालून मऊ होईपर्यंत मळावी. आकृती शक्यतो एकाच गोळ्यातून काढावी. हातपाय निराळे करून चिकटविले तर सुकताना गळून पडतात. चिकटवावेच लागले तर दोन्ही बाजू ओरखडून मध्ये पातळ चिखल लावावा. पाय फार बारीक करू नयेत आणि आकृती मातीच्या छोट्या पाटावर उभी करावी. ढाल अंगाशी धरलेली दाखविली तर हात मोडत नाही. भाल्यासाठी मूठ ओली असतानाच खराट्याच्या हिराने आरपार भोक पाडून ठेवावे. सुकताना माती आकसते, म्हणून ते किंचित सैल असावे. खरा भाला आकृती सुकल्यावर बसवावा. मुंडाशासाठी जुन्या धोतराची बारीक चिंधी खळीत बुडवून डोक्याभोवती गुंडाळली तर तिच्या घड्या मातीच्या घड्यांपेक्षा खऱ्या दिसतात. आकृती सावलीत चारपाच दिवस सुकू द्यावी. उन्हात ठेवल्यास ती तडकते. कुंभाराच्या भट्टीत भाजून घ्यावयाची असेल तर आत तार किंवा काडी ठेवू नये, आणि चिंधी व भाला भाजून झाल्यावरच लावावे.

सुकलेल्या आकृतीवर प्रथम खडूची भुकटी आणि डिंकाचे पाणी यांचा पातळ हात द्यावा, म्हणजे वरचा रंग उजळ बसतो. रंग आतून बाहेर या क्रमाने द्यावेत. आधी अंगाचा वर्ण, मग वस्त्र, त्यावर शेला व कमरबंद, नंतर शस्त्रे आणि सर्वांत शेवटी डोळे व मिशा. लहान वस्तूवर मूळचाच रंग अधिक गडद भासतो, म्हणून त्यात थोडा पांढरा मिसळावा. वस्त्राच्या घडीत तोच रंग किंचित काळसर आणि उंचवट्यावर किंचित फिका लावला म्हणजे आकृतीला उठाव येतो, कारण एवढ्याशा घडीची सावली डोळ्याला पुरेशी दिसत नाही. गेरू, पिवळी माती, खडू, काजळी आणि कपड्यांची नीळ एवढ्या पाच वस्तूंत गावाकडचे बहुतेक रंग साधतात.

येथे एक गोष्ट शिक्षकाने कटाक्षाने पाळली पाहिजे. मुले कुंचल्याचे टोक तोंडात घालून ओले करतात. ही सवय पहिल्याच दिवशी मोडावी. नारिंगी रंगासाठी देवघरातील शेंदूर आणण्याचा मोह मुलांना होतो. पारंपरिक शेंदूर हा शिशाचा असतो. जुन्या रंगशाळेतील सफेदा शिशाचा, हिंगूळ पाऱ्याचा आणि हरताळ सोमलाच्या वर्गातला. या चारही वस्तू वर्गात येऊ देऊ नयेत. भारतात घरगुती रंगांतील शिशाच्या प्रमाणावर २०१७ पासून कायद्याने मर्यादा आहे. परंतु घराच्या माळ्यावर पडलेला रंगाचा जुना डबा त्यापूर्वीचा असू शकतो. रायगडाचा दरवाजा थोडा कमी तांबडा झाला तरी चालेल.

आकृती तयार झाल्या म्हणजे सर्वांत अवघड प्रश्न पुढे येतो. शत्रूची आकृती कोणी करावयाची? बहुधा ती कोणालाच नको असते, आणि ज्याच्या वाट्याला येते तो तिचे तोंड वेडेवाकडे करतो. अशा वेळी शिक्षकाने १६७० सालचा सिंहगड सांगावा. तानाजी मालुसरे तेथे धारातीर्थी पडले हे प्रत्येक मुलाला ठाऊक असते. समोरचा किल्लेदार उदेभान हा राजपूत होता, तोही शौर्याने लढला आणि त्याच रात्री त्याच गडावर पडला, हे फार थोड्यांच्या ध्यानात राहते. उलट शिवछत्रपतींच्या पायदळाच्या आरंभीच्या सरनोबतांत नूरबेगाचे नाव येते आणि आरमारात मायनाक भंडारी यांच्याबरोबर दर्यासारंगाचे. गडाच्या आत कोण आणि बाहेर कोण, याची विभागणी मुले समजतात तितकी सोपी नव्हती. म्हणून शत्रूच्या आकृतीला मावळ्याइतकीच माती, तितकाच वेळ आणि तितकेच माणसाचे तोंड मिळावे, असा नियम वर्गात असावा. ज्याच्याशी लढताना तानाजीला प्राण द्यावे लागले, त्याला बुजगावणे केले तर तानाजीचेच शौर्य उणे होते.

सैनिकांचा खेळ मुलांच्या मनात युद्धाची आवड पेरील, अशी शंका काही शिक्षक घेतात आणि ती रास्त आहे. एच. जी. वेल्स या इंग्रज लेखकाने १९१३ मध्ये ‘लिट्ल वॉर्स’ या नावाचे एक पुस्तक लिहिले. घराच्या जमिनीवर शिशाचे सैनिक मांडून आणि खेळण्यातील तोफेने लाकडी गोळे उडवून लढाई कशी खेळावी, याचे नियम त्यात आहेत. परंतु शेवटी वेल्सने सांगितले ते असे की, हा खेळ काही वेळा खेळून पाहणाऱ्यास खरे युद्ध किती घोडचुकांनी भरलेले असते हे कळून येते. पुढच्याच वर्षी, १९१४ मध्ये, पहिले महायुद्ध सुरू झाले. पुस्तकाने ते थांबविले नाही. पण शिक्षकाला त्यातून एक दिशा मिळते. प्रत्येक किल्ल्यावर निदान एक आकृती पडलेल्या शिपायाची असावी आणि त्याच्याजवळ बसलेला एक सोबती असावा. ती आकृती ज्याने घडविली, तो मुलगा ‘शौर्य’ हा शब्द पुढे जपून वापरील.

अखेरची सूचना मांडणीविषयी आहे. प्रत्येक आकृतीपुढे पुठ्ठ्याची लहान चिठ्ठी ठेवावी आणि तीवर तीनपैकी एक शेरा मुलाने स्वतःच्या अक्षरात लिहावा. ‘आधार आहे’, ‘अनुमान आहे’ किंवा ‘ठाऊक नाही’. पखालजीपुढे ‘आधार आहे’ असे लिहिता येईल, कारण बखरीत तो आहे. साध्या शिपायाचे कापड बिनरंगी सुती दाखविले असेल तर ‘अनुमान आहे’ असे लिहावे. नालबंदाच्या मुंडाशाचा रंग विचारला तर ‘ठाऊक नाही’ हेच उत्तर प्रामाणिक ठरेल. पालक किल्ला पाहावयास येतील तेव्हा कोणी या चिठ्ठीला हसेलही. शिक्षकाने त्या वेळी मुलाच्या बाजूला उभे राहावे. अज्ञान कबूल करण्यास सायबॉर्नच्या कामाइतकेच धैर्य लागते; आणि दहा वर्षांच्या मुलाने ते चारचौघांत दाखविले, तर त्याला परीक्षेतील गुणांहून मोठे काही साधले आहे.

२०२५ च्या जुलै महिन्यात मराठ्यांच्या बारा किल्ल्यांची नोंद युनेस्कोच्या जागतिक वारशात झाली. त्यांतील अकरा महाराष्ट्रात आहेत आणि बारावा तामिळनाडूतील जिंजी. तटबुरुजांची निगा राखण्यास आता शासन आहे, तज्ज्ञ आहेत. त्या तटांवर उभी राहिलेली माणसे कशी होती, याची निगा मात्र गावोगावच्या वर्गांतून राखली जावयाची आहे. अंगणातला किल्ला देवदिवाळीपर्यंत टिकतो, मग कोंबड्या अळीव खातात, पोरे उड्या मारतात आणि माती पुन्हा परड्यात जाते. तिचे काही वाईट वाटण्याचे कारण नाही. ‘हे कशावरून?’ असे विचारण्याची जी सवय हातांना लागली, ती उरते.

तेव्हा येत्या दिवाळीपूर्वी प्रत्येक शाळेने एवढा संकल्प करावा. पंचवीस घोडेस्वारांचे एक पथक मुलांनी आपल्या हातांनी घडवावे, ते एकमेकांसारखे नसावेत, आणि त्यांच्यामागून पाठीवर पखाल घेतलेला एक मनुष्य व हातोडी घेतलेला एक मनुष्य गडाची वाट चढत असावा.